उतरलेल्या काचा

दारव्हा,
ता. १४ नोव्हेंबर २००५

रा. रा. जावईबापू नयनराव यांना देवरावचा सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत (गाडी सोडून; तिच्याकडे नंतर येतो). निशूची तब्येत उत्तम आहे, नववा महिना भरत आला, चिंचेवरून आईशी रोज भांडते. अमरावतीला आपल्या मातोश्रींचे गुडघे कसे आहेत? त्यांची आठवण मला दिवसातून चार वेळा तरी येते, आणि दर वेळी उठून गाडी पाहून येतो. वेळ आली की साजिद मेकॅनिकनं निशूला यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं, म्हणून आपण गाडी इथं ठेवली. निघताना मातोश्री हसत म्हणाल्या होत्या, "गाडी सांभाळता नाही आली, तर सुनेले आम्ही अमरावतीलेच नेऊ." त्या हसल्या, मला काही हसू आलं नाही. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं नाही, तर मग आम्ही आईबाप कशाला आहोत?

म्हणून मी गाडीला डोळ्यांत तेल घालून जपत होतो. तरी गेल्या सोमवारी सकाळी पाहतो तर चारही काचा खाली, आणि मागच्या सीटवर शेजारच्या रामीबाईची कोंबडी अंडं घालून बसलेली. काचा चढवल्या, गाडीला कुलूप घातलं, चहा पिऊन आलो, तर पुन्हा खाली! मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मी सरळ रामीबाईवर आळ घेतला (अंडं तिनं परत मागितलं होतं, यावरून). तिनं मला गल्लीत उभं करून जे सुनावलं ते जावयाला लिहिण्यासारखं नाही. मग मी गाडीशेजारीच खाट टाकली. निशूची आई मथुरा म्हणाली, "पोरगी घरात अवघडली अन् तुम्ही गाडीची राखण करून राह्यले!"

शेवटी साजिदला बोलावलं. त्यानं मला नेहमीसारखं कुलूप लावायला सांगितलं आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिला. आता माझी रीत आपल्याला ठाऊक नाही. कापूस खरेदी केंद्राच्या गोदामावर मी सव्वीस वर्षं चौकीदार होतो (भाव पडले, केंद्र बंद झालं, गोदामात आता चिमण्या आहेत). तिथलं कुलूप नुसतं दाबलं की बसायचं, पण उघडताना किल्ली फिरवून पाच आकडे मोजेपर्यंत धरावी लागे. आणि लावलेलं कुलूप एकदा उघडून, खात्री करून, परत लावायचं, हा साहेबांचा नियम. त्यातही डोळे कुलपावर नाही, रस्त्यावर ठेवायचे. तसंच मी गाडीला करत होतो (दाराचा खटका दाबून लावायचं, किल्ली धरून उघडायचं, पुन्हा खटका). शेजारच्या जिनिंगमधल्या सरकी काढायच्या यंत्रांच्या आवाजानं कान गेलेले, त्यामुळे पाठीमागं काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

साजिद म्हणाला, "काका, उघडताना किल्ली धरून ठेवली की चारही काचा उतरतात. लावताना धरली की चढतात. चोर कायले शोधून राह्यले? तुम्हीच तर उघडून देता!"

मी त्याच्यासमोर कान पकडले. किल्ली यापुढे फिरवली की लगेच सोडायची, अशी निशूची शपथ घेतली आहे. काळजी नसावी.

आपला,
देवराव

ता. क. : मागच्या सीटच्या कव्हराचा कोपरा बकरीनं खाल्ला. कोपरा लहान आहे. मातोश्रींना सांगू नये, आणि निशूला इथून नेऊ नये, एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

ता. क. दुसरा (यवतमाळ, दवाखाना, १६ तारीख. पत्र टाकायचं राहून खिशातच होतं) : बातमी आपल्याला फोनवर कळलीच. कसे पोचलो ते मात्र मथुरेनं सांगितलं नसेल. काल दुपारी निशूला कळा सुरू झाल्या. मी धावत गाडी उघडली, पिशवी मागं टाकली, किल्ली पिशवीवर ठेवली आणि सवयीनं खटका दाबून दार लावलं. किल्ली आत, आम्ही बाहेर! मी दाराची मूठ ओढत रडायलाच लागलो. साजिद धावत आला आणि त्यानं शांतपणे हात आत घालून किल्ली काढली. घाईत शपथ विसरून मी किल्ली पाच आकडे धरली होती. चारही काचा खाली होत्या.

नात झोपली आहे. दोन्ही मुठी घट्ट आवळल्या आहेत. मी उघडून पाहिल्या नाहीत.