एडिटरने वाचलेली पहिली ओळ

३ मार्च, सोमवार

मेन्यू बोलतात. ‘फाइल’, ‘शोधा’, ‘मदत’ – सगळं खणखणीत. मजकुरात शिरलं की चिडीचूप.

तक्रार एका हॉस्पिटलमधून आली आहे. तिथे डॉक्टर रिपोर्ट तोंडी सांगून ठेवतात आणि एक टायपिस्ट बाई ते ऐकून टाइप करतात. एकोणीस वर्षं. त्यांना दिसत नाही. कम्प्युटरवर जे असेल ते स्क्रीन रीडर त्यांच्या कानात वाचतो. १ एप्रिलपासून तिथला टाइप करायचा जुना प्रोग्राम बंद, त्या जागी आमच्या कंपनीचा एडिटर सुरू. आमचा मुका राहिला तर बाईंना रिपोर्टवरून काढून फोनबोर्डवर बसवणार.

साहेब म्हणाले, “चार आठवडे आहेत. तू बघ.” मी बरं म्हटलं.

४ मार्च, मंगळवार

कारण सापडलं. आमचा एडिटर अक्षरं चित्रासारखी रंगवतो. डोळ्यांना मजकूर दिसतो, स्क्रीन रीडरला कोरी पाटी.

आणखीही एक सापडलं. दीड वर्षापूर्वीची तपासणी-यादी. ‘स्क्रीन रीडरसह चालतो – होय.’ पुढे माझी आद्याक्षरं. आठवतंय मला. रीडर लावला, मेन्यू बोलले, टिक केली, जेवायला गेले. मजकुराची एक ओळही ऐकली नाही. त्या ‘होय’वर विसंबून हॉस्पिटलने एडिटर घेतला.

कुणाला सांगितलेलं नाही. सांगून काय होणार – दुरुस्त तर मीच करतेय. (हे मी कुणाला पटवतेय?)

६ मार्च, गुरुवार

बाई आल्या. पन्नाशीच्या. मी पुढे होऊन दंड धरला. “हात नको धरूस, खुर्ची कुठे आहे ते सांग. धरलं की मी हमखास अडखळते.” मी सोडला. दोघी अवघडलो – म्हणजे मी.

त्यांच्या रीडरचा वेग इतका की मला ती भाषाच वाटेना. हळू करू का विचारलं. “झोपवायचंय का मला?”

एडिटर उघडला. बाणाची कळ दाबत राहिल्या. काही नाही. “घरात कुणी नाही वाटतं,” म्हणाल्या.

निघताना काठीची घडी उलगडत – “फोनबोर्ड काही वाईट नाही गं. पण तिथे दिवसभर ‘थांबा, जोडून देते.’ इथे मी डॉक्टरांच्या चुका पकडते. एकोणीस वर्षांत कुणाच्या डाव्या गुडघ्याचा उजवा होऊ दिला नाही.”

११ मार्च, मंगळवार

रंगवलेल्या मजकुरामागे एक साधी, न दिसणारी चौकट ठेवली आहे. कर्सर ज्या ओळीवर असेल ती ओळ तिथे उतरते; रीडरने ती वाचायची. माझ्याकडे वाचतो, पण मी बघत-बघत ऐकते, तिथेच गोची. म्हणून मॉनिटरवर टॉवेल टाकला. पाच मिनिटांत हरवले.

आईचा फोन. “काय करतेस?” “टॉवेल टाकून काम करतेय.” “केस ओले ठेवून बसू नकोस.”

आमच्याकडे नियम आहे – जे काही लिहायचं ते आपल्याच एडिटरात. म्हणून हेसुद्धा. फाइलचं नाव ‘किरकोळ’. एडिटर उघडला की शेवटची फाइल आपोआप समोर येते. ती सोय माझीच. टॉवेलखाली तासभर स्वतःलाच ऐकत होते. फार कोरडं लिहिते मी.

१४ मार्च, शुक्रवार

वाचला.

मी पाणी आणायला गेले होते. तेवढ्यात बाईंनी एडिटर बंद करून पुन्हा उघडला होता. परत आले तर हेडफोन लावून स्तब्ध. एकेक कळ, सावकाश. मी विचारलं, “वाचतोय?” उत्तराला वेळ लागला. “वाचतोय. सगळं स्पष्ट वाचतोय.” मग हेडफोन काढून, “आता एखादा रिपोर्ट उघडून दे.”

आनंद झाला की माणसं हसतात असा माझा समज होता.

१९ मार्च, बुधवार

आता फार बोलतो. ओळ बारा, स्थान चार, बदल झाला, फाइल जतन नाही. दर कळीला. “एवढं माझी जाऊसुद्धा बोलत नाही,” बाई म्हणाल्या, “आणि ती बोलते.” निम्मं कापलं.

मध्येच विचारलं, “तुझं काही चुकलं तर काय करतेस?”

“दुरुस्त करते.”

“आणि सांगतेस?”

“नोंद करते.”

बाई बराच वेळ हसल्या. त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

खोडलेलं अक्षर सांगत नव्हता. दोन दिवस त्यातच गेले. आता सांगतो.

२८ मार्च, शुक्रवार

हॉस्पिटलचे अधिकारी बघायला आले. बाईंनी त्यांच्यासमोर दोन पानी रिपोर्ट टाइप केला आणि त्यात डॉक्टरांची एक चूक काढली. अधिकारी खूश. मग म्हणाले, “पण आधी ‘चालतो’ असं कसं लिहून दिलं होतं?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे.

बाई म्हणाल्या, “मेन्यू बोलत होते ना. ते ऐकून कुणीही ‘होय’ लिहून जेवायला जाईल.”

सगळे हसले. विषय संपला. बाई रिपोर्टवरच राहणार.

मेन्यू, ‘होय’, जेवण. हे मी या फाइलशिवाय कुठेही बोललेले नाही.

३१ मार्च, सोमवार

बाईंना फोन केला. काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “चौदा तारखेला. एडिटर उघडला आणि तुझी फाइलच बोलायला लागली. दुसऱ्याचं वाचू नये, कळतं मला. पण गोष्ट माझी होती.”

“बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबले. आणि काम अर्धं होतं. तू बिथरली असतीस तर मी थेट फोनबोर्डवर.”

मी ‘किरकोळ’ उघडली.

“वाईट नाही लिहीत गं,” म्हणाल्या. “जरा कोरडं आहे.”

१ एप्रिल, मंगळवार

ताई, सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. मग तुमच्या हॉस्पिटलमध्ये येऊन एडिटर बसवला. तुम्ही यायच्या आत ही फाइल उघडून ठेवतेय, कर्सर या ओळीवर. वरचा बाण दाबत मागे गेलात तरी चालेल.