दांडीची वाळवणीची जागा

मी, जयसुख वालजी पटोळिया, वय ७१, रंगाच्या कारखान्याचा मालक, राहणार बोईसर, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. बाकी कशाचे फारसे काही वाटत नाही. पत्नी चंद्रकांता गेली त्या दिवशीही वाटले नव्हते.

१. राहते घर व ठेवी मुलगी दिशा हिला. कारखाना मुलगा निमेश याला. तो तसाही त्यानेच ताब्यात घेतला आहे.

२. पाने, हातोडे आणि पहिला रंग शिजवलेली लोखंडी कढई नवशा फिटर यास. १९७९ साली मी गोंडलहून एक पिशवी घेऊन आलो. झोपायला जागा त्याने दिली, मराठीही त्यानेच शिकवली.

३. माझे निवडणुकीतले विरोधक कमलाकांत राऊत यांना काही नाही. प्रत्येक निवडणुकीत ते मला परका म्हणाले, तरी जिल्हा परिषदेवर मी दोनदा निवडून आलो. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले. साक्षीला मला कमलाकांतच हवेत. ते शब्द न् शब्द वाचतील.

४. पालघर तालुक्यातल्या दांडीच्या किनाऱ्यावरची एक एकर जागा तिथल्या कोळणींच्या मंडळास. तिथे त्या पिढ्यान्‌पिढ्या बोंबील वाळवत. सदस्य असताना मी ती पडीक दाखवून स्वतःच्या नावे करून घेतली. पाहणी आषाढात ठेवली. तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात, मासळी वाळत नाही, जागा मोकळी दिसते. पाहणीत चूक झाली, असे मी नंतर जिल्हा परिषदेच्या सभेत सांगितले. चूक नव्हती. महिना मीच निवडला होता. निमेशला तिथे गोदाम बांधायचे आहे. त्याने हरकत घेतल्यास कारखानाही दिशाला जावा.

हे कलम काल मंडळाच्या रखमाबाई तांडेल यांना वाचून दाखवले.

"मेल्यावर कशाला देतोस, सायेब? जित्ता हायस तं आताच दे. आमी काय तुज्या मरणाची वाट बघत बसू?"

पोरापुढे उभे राहायची हिंमत होत नाही, असे मी म्हणालो.

"मंग आमाला वाचून नको दाखवू," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला लाज वाटली. चांगलीच वाटली.

५. सबब कलम ४ मधली जागा या मृत्युपत्रातून वगळली आहे. आज सकाळी पालघरला तिचे बक्षीसपत्र नोंदवले. निमेशला अजून सांगितलेले नाही. सही करून घरी जातो आणि सांगतो.

साक्षीदार: कमलाकांत राऊत, माहीम (ता. पालघर); मेहुल शहा, बोईसर

सही: जयसुख वालजी पटोळिया
पालघर, १८ नोव्हेंबर २०२५