डोक्यावर डोंगर घेतलेला राक्षस

रविवार, सकाळ

प्रिय भुंग्या,

अनेक आशीर्वाद. रागावलेल्या बहिणीचे असले तरी आशीर्वादच ते, मुकाट घे. मी बरी आहे. शिलाई मशीन कुरकुरतंय, गुडघेही त्याच सुरात. बाबा गेल्यावर त्यांच्या गॅरेजला कुलूप लावायचं की नाही यावरून तू बोलणं टाकलंस, त्याला तीन वर्षं होतील. चूक तुझीच होती, पण ते असो.

काल आमच्या गल्लीने टेकडीवर कार्यक्रम ठेवला होता. आधी गाणी, मग अंधारात टेकडी चढायची आणि वर बसून गोष्टी ऐकायच्या. मी म्हटलं, या वयात नसते उद्योग कशाला! पण शेजारीणबाई ऐकतात थोड्याच? वनरक्षकाने पायथ्याशीच सगळ्यांचे टॉर्च आणि फोन पोत्यात भरून घेतले. "डोळ्यांना जरा वेळ द्या, दिसायला लागेल," म्हणाला. निवृत्त पोस्टमनने बासरी वाजवली. अर्धा सूर, अर्धी धाप.

मग एकच दोर धरून आम्ही सगळे चढायला लागलो. आणि खरंच रे, दिसायला लागलं! आधी पायवाट, मग पुढच्याची पाठ, आणि वर बघितलं तर, अगं बाई, एवढं आभाळ! इतकी वर्षं ते माझ्या खिडकीबाहेरच होतं, आणि मी खाली मान घालून काजं-बटणं करत बसले. तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून, म्हणजे बघ.

माथ्यावर शेजारणीची पुतणी गोष्ट सांगायला उठली. ती तुझ्याच शहरात नर्स आहे, सुट्टीवर आली होती.

"एक होता राक्षस. त्याच्या डोक्यावर होता डोंगर, आणि डोंगरावर होतं झोपलेलं गाव."

अंगावर सर्रकन काटा आला. बाबांची गोष्ट! दिवसभर ट्रकखाली पडून नटबोल्ट आवळणाऱ्या आपल्या बाबांनी रचलेली, आपल्या दोघांशिवाय जगात कुणाला माहीत नसलेली. राक्षसाला तहान लागते, तो नदीपाशी येतो, पण पाणी प्यायला वाकला तर अख्खं गाव घरंगळेल. आणि इथेच बाबा घोरायला लागायचे. रोज! तू आपला अंधारात भुंग्यासारखा "हूं... हूं..." गुणगुणत राहायचास, आणि मी तुला लाथ घालायचे.

नर्सही तिथेच थांबली. "पुढची मला येत नाही," म्हणाली. कुणी हललं नाही. खाली गावातले दिवे, वर ते आभाळ, आणि देवाशपथ सांगते, बुडाखालची टेकडी मला किंचित हलल्यासारखी वाटली. जणू कुणीतरी आम्हा सगळ्यांना डोक्यावर घेऊन उभं होतं. मला बाबांची फार आठवण आली. रडले मी. अंधार होता म्हणून बरं.

उतरताना तिला गाठलं. "गोष्ट कुणाची गं?"

"आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटची. झोप येत नाही, मग सांगत बसतात. नाव नाही हं सांगता यायचं, मावशी."

"मधे मधे गुणगुणतो का?"

ती थबकली. मग हळूच म्हणाली, "गुरुवारी ऑपरेशन आहे त्यांचं. हृदयाचं. सोबत कुणी नाही. नातेवाईकच नाहीत, असं सांगतात."

नातेवाईकच नाहीत! हाती लाग तू, कानच उपटते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. रागाने नव्हे. घाबरले रे मी.

पहाटे गोष्टीचा शेवट सुचला. अर्धवट गोष्ट घेऊन तू ऑपरेशनला जायचं नाहीस, म्हणून लगेच सांगते. डोंगरावरच्या गावात एक मुलगी जागी होती. ती राक्षसाच्या हातावरून घसरत खाली आली, नदीतून तांब्या भरला, परत त्याच्या खांद्यावर चढली आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला. त्याला वाकावं लागलंच नाही.

हे पत्र त्या नर्सच्याच हाती देतेय, ती आज परत निघालीय. मी बुधवारी सकाळच्या गाडीने येते. कुलपाचं भांडण तू बरा झालास की पुढे चालू करू, ते मी सोडणार नाही. तोवर तसाच उभा राहा. मी पाणी घेऊन येतेय.

तुझी नातेवाईक,
ताई