शिडीवरून खुलासा

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.२०
संकट आलं आहे. नीट लिहून ठेवलं पाहिजे. पुढेमागे नेतृत्वावर पुस्तक काढायचं झालं तर उपयोगी पडेल.
घटना : एका शाळेच्या ग्रंथालयात आमच्या कंपनीची घडीची शिडी मधेच मिटली. ग्रंथपाल बाई वरच्या फळीवरून पुस्तक काढत होत्या. पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शाळेच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय, आणि शिडीवरचं आमचं नाव बाईंपेक्षा स्पष्ट दिसतंय. व्हिडिओ कालपासून घरोघर फिरतोय.
मी शांत आहे. सेक्रेटरीला दोनदा विचारलं, मी शांत दिसतो ना. ती हो म्हणाली. दुसऱ्यांदा जरा वेळ घेऊन.
संकल्प : १) कामगारांत मिसळणे. २) आवाज न चढवणे. ३) बायकोला रोज फोन करणे. (ती मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे. बाळ आता सात महिन्यांचं आहे.)

दुपारी ४
फोन केला. उचलला नाही. बाळ झोपलं असणार.

४ मार्च, मंगळवार
जनसंपर्क सल्लागार आला. तीन गोष्टी म्हणाला. माफी मागा, शिड्या परत घ्या, बाईंना जाऊन भेटा. आजच्या आज.
मुद्दे पटले. क्रम पटला नाही. आधी निवेदन. निवेदनाशिवाय भेटायला जायचं म्हणजे हात हलवत जाण्यासारखं.
सहा मसुदे केले. ‘आम्हाला खेद आहे’ यात कबुली डोकावते. ‘खेद वाटावा अशी परिस्थिती आहे’ हे जास्त भारदस्त.

५ मार्च, बुधवार
फोरमन केबिनमध्ये आला. वडिलांच्या वेळचा माणूस. मला लहानपणी खांद्यावर घेऊन कारखाना दाखवायचा, त्यामुळे अजून ‘धाकटे साहेब’ म्हणतो. मी बावन्न वर्षांचा आहे.
त्यानेच मला लिहिलेली नोव्हेंबरातली चिठ्ठी पुढे ठेवली. ‘शिडीच्या खटक्याची नवी स्प्रिंग ढिली पडते, माल थांबवावा.’ खाली माझी सही आणि शेरा : ‘पाहिले’.
मी त्याला समजावून सांगितलं की पाहिले म्हणजे वाचले असं होत नाही. तो खाली बघत म्हणाला, मीही नंतर गप्प बसलो, माझंच चुकलं.
मी त्याला मोठ्या मनाने माफ केलं.

६ मार्च, गुरुवार. दुपारी १
टीव्हीवाले येऊन गेले. कल्पना सर्वस्वी माझी. सल्लागार नको नको म्हणत होता, पण नेता पुढे होतो. रिसेप्शनमध्ये शिडी उभी केली, कॅमेऱ्यासमोर पाच पायऱ्या चढलो आणि वरूनच खुलासा केला : शिडी भक्कम आहे, वापरणाऱ्याने तोल सांभाळावा. आवाज छान लागला होता.

संध्याकाळी ७
बातमी पाहिली. माझं एक वाक्य घेतलंय. बाकी सगळा वेळ खाली फोरमन दिसतो. शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून, माझ्याकडे बघत. तो कधी येऊन उभा राहिला मला पत्ताच नाही.
लोक विचारताहेत, शिडीबरोबर हा माणूसही मिळतो का?
सल्लागाराने मेसेज पाठवून काम सोडलं. शेवटी शुभेच्छा होत्या.

८ मार्च, शनिवार
संकल्प क्र. १ अमलात आणला. कॅन्टीनमध्ये जेवलो. सहा जणांच्या टेबलावर एकटाच होतो. माणसं आदराने अंतर राखतात. एक जण अगदी जवळ आला. त्याला खुर्ची हवी होती. विचारून नेली. शिस्त आहे.
घरी येऊन बायकोला फोन. मुलीने उचलला. म्हणाली, बाबा, त्या बाईंना भेटलात का? म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. मग आईला दे म्हटलं. ती म्हणाली, आई आंघोळीला गेली आहे.
मागून बायकोचा आवाज येत होता. बाळाशी बोलत होती. जरा वेळ ऐकला.

११ मार्च, मंगळवार
अकरा वाजता सर्व कर्मचाऱ्यांपुढे भाषण ठेवलं होतं. हॉलमध्ये सेक्रेटरी आणि माइकवाला. बाकी सगळे गोदामात. धाकट्या बहिणीने (ती खरेदीचं बघते, भागीदार माझ्याइतकीच) सकाळी सातपासून शिड्या परत घ्यायला सुरुवात केली आहे. फाटकापर्यंत टेम्पोंची रांग.
मी विचारलं, मला का नाही विचारलंस? ती म्हणाली, दादा, आठ दिवस विचारतेय. चार कागद पाठवले. चारही सही होऊन आले, ‘पाहिले’ म्हणून. संचालकांचं ठरलंय, यापुढे कंपनीतर्फे मी बोलेन. तू थोडी विश्रांती घे.
आवाज चढवला नाही. खरं म्हणजे फुटलाच नाही.
भाषण मात्र केलं. माइकवाल्याने मधेच विचारलं, साहेब, चालू ठेवू का?

१३ मार्च, गुरुवार
हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. निवेदन नेलं नाही. अकरावा मसुदा अजून कच्चा आहे.
बाईंचा चष्मा पडताना फुटला, नवा यायचाय. समोरचा माणूस धूसर दिसतो म्हणाल्या. कोण, म्हणून विचारलं. म्हटलं, कंपनीतून आलोय.
बसा म्हणाल्या. तुमची माणसं फार चांगली. फोरमन रोज येतात. पहिल्या दिवशी इतके रडले की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. काल मालकांची बहीण येऊन गेली. मालक तेवढे आले नाहीत.
मी म्हटलं, मालक फार बिझी असतात.
त्या म्हणाल्या, तोल सांभाळा म्हणाले ना ते? भाचीने ऐकवलं. चौतीस वर्षं शिडीवर चढतेय मी. मग म्हणाल्या, घरी कोणी सांगणारं नाही का हो त्यांना?
मी म्हटलं, घरी कोणी नसतं सध्या.
अगंबाई, म्हणाल्या. मग जेवतात कुठे?
कॅन्टीनमध्ये, म्हटलं.
एकटेच?
हो म्हटलं.
मी निघताना म्हणाल्या, त्यांना म्हणावं, एकदा येऊन जा. मी काही खाणार नाही त्यांना.
बाहेर नर्सने भेटणाऱ्यांच्या वहीत नाव लिहायला सांगितलं. ‘कंपनीतर्फे’ असं लिहिलं.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०
हॉस्पिटलमध्ये भेटीची वेळ चार ते सहा. पावणेचारलाच पोचलो. स्वतःचं नाव सांगायचं, माफी मागायची, बस. कागद नाही, काही नाही. फाटकासमोर गाडीत बसून दोनदा म्हणून पाहिलं. जमत होतं.
पाचला फोरमन बाहेर आला. गाडी ओळखली, काचेवर टकटक केली. म्हणाला, चला धाकटे साहेब, मी येतो बरोबर.
म्हटलं, तू हो पुढे. एक महत्त्वाचा फोन यायचाय.
तो बसस्टॉपकडे गेला.
सहा वाजता वॉचमनने फाटक लावलं. फोन आला नाही.