नाव फोटोच्या पोटात

प्रिय मधुकाका,

हे पत्र मी तुमच्या डाव्या बुटाच्या फोटोत लिहितेय. हसू नका! खरंच. फोटो उघडलाय, त्याचा 'डिस्क्रिप्शन'चा रकाना उघडलाय आणि त्यात टाइप करतेय. तुम्हीच सांगायचात ना, फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक चिठ्ठी असते, वरून दिसत नाही, पण फोटो जाईल तिथे तीही जाते? ही ती चिठ्ठी. जरा लांबलीय.

आजच का लिहितेय? आज दुपारी शेवटचा फोल्डर संपला म्हणून. आणि मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले होते म्हणून.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही विचारलंत, "फोटो ठीक आहेत ना गं?" मी म्हटलं, "सगळं ठीक आहे, काका."

काहीच ठीक नव्हतं. तुमच्या चार वर्षांच्या फोटोंमधल्या एकाही फोटोत एकही नाव उरलं नव्हतं. आणि ते मी केलं होतं.

पण थांबा, असं सुरुवातीलाच रडगाणं नको. तुम्हाला आवडायचं नाही.

बाबांनी एअरपोर्टवर सांगितलं होतं, "तिकडे अमेरिकेत, नोव्हायला, माझा कॉलेजातला मित्र आहे. गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो, म्हणजे सावध माणूस आहे. त्याच्या घरी जात जा." मी पहिल्याच वीकेंडला आले, तर सावध माणूस बेसमेंटमध्ये चौदा एप्रिलच्या जयंतीचे तीनशे फोटो उघडून बसलेला! सगळे एकदम सिलेक्ट करून जागा आणि कार्यक्रम टाकायचा. एका झटक्यात तीनशे फोटो झाले. मला वाटलं, संपलं काम, आता जेवू.

"आत्ता तर सुरू झालं," तुम्ही म्हणालात. आणि एकेक फोटो उघडून नावं लिहायला लागलात. डावीकडून उजवीकडे. सगळ्यांची. रोमन अक्षरांत मराठी, कारण देवनागरी टाकली की त्या प्रोग्रामात नुसती प्रश्नचिन्हं उमटायची. 'पाठमोरी: निर्मला, शालीवरून ओळखली.' 'टेबलाखाली: कोणाचं तरी बाळ, विचारणे.' पुढच्या आठवड्यात खरंच फोन करून विचारलंत, बाळ कोणाचं! असं कोण करतं?

नीलनं वरून खाली येऊन स्क्रीनकडे बघितलं. "बाबा, नोबडी केअर्स हू वॉश्ड द डिशेस!"

"जिनं घासली ती केअर करते," तुम्ही म्हणालात आणि नाव लिहून पुढच्या फोटोवर गेलात. बस, एवढंच. भाषण नाही, काही नाही.

मग मीच विचारलं, की काका, फाइललाच नाव द्या ना, सोपं पडेल. तेव्हा तुम्ही भिंतीवरची ती फ्रेम दाखवलीत. खुर्चीत बसलेला साहेब, मागे उभे अकरा मजूर. कुठल्याशा पुलाचं काम. खाली साहेबाचं नाव छापलेलं. अकरांच्या जागी एकच शब्द, 'कामगार.' "यातले एक माझे आजोबा," तुम्ही म्हणालात. "कोणते, ते सांगणारं कोणी राहिलं नाही. मागे लिहिलेलं पुसतं, फ्रेम बदलते, फाइलचं नाव तर कोणीही बदलतं. नाव फोटोच्या पोटात पाहिजे."

काका, मी लेखक व्हायला निघालेली मुलगी. माझ्या कथांत पात्रांना नावं नसायची. 'तो', 'ती', 'दुसरा तो'. मला ते फार भारी वाटायचं. तुम्ही माझी एक कथा अख्खी वाचलीत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "छान आहे. पण नावं दे की गं बिचाऱ्यांना!" मी चिडले होते. यांना एक्सपेरिमेंटल काय कळणार, असं मनात म्हटलं होतं. सॉरी.

आता घड्याळाचं सांगते.

तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ इंडियाच्या वेळेवर होतं. पिकनिकला भर दुपारी काढलेल्या फोटोवर रात्रीचे साडेदहा! मला वाटलं, काका सेट करायला विसरले. तुम्ही बायपाससाठी अ‍ॅडमिट होतात, मला काहीतरी सरप्राइज द्यायचं होतं. मी एक फुकटचा प्रोग्राम उतरवला, सगळे फोटो सिलेक्ट केले, वेळ साडेदहा तास मागे, ओके. पाच मिनिटांत चार वर्षं दुरुस्त! मी इतकी खूश, की लगेच तुमची बॅकअपची हार्ड डिस्क लावली आणि तीही 'अपडेट' केली. सावध माणसाची शिष्या ना मी!

त्या प्रोग्रामनं वेळ बदलताना जुनी चिठ्ठी फेकून दिली होती आणि नवी लिहिली होती. नवीत फक्त वेळ. नावं गायब. बॅकअपमधूनही गायब, माझ्याच हातानं. आणि वेळ तरी बरोबर? उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, फरक साडेनऊचाच असतो, हे मी विसरलेच. म्हणजे अर्धे फोटो तेही चुकीचे!

काकूंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई! ते घड्याळ त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं. पिकनिकमध्ये बसल्या बसल्या कळावं, की नागपूरला आई जागी आहे का, फोन लावू का."

कॅमेऱ्यात बघून फोन लावणारा माणूस! आणि मी निघाले होते त्याला सुधारायला.

तुम्ही बरे होऊन घरी आल्यावर सांगणार होते, शपथ. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. 'सगळं ठीक आहे' हे माझं तुमच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. ते तसंच राहिलं असतं, काका. मी ते घेऊन कुठे गेले असते?

वाचवलं कोणी, माहितीये? तुम्हीच. तुमच्या त्या सीडींनी.

दर कार्यक्रमानंतर तुम्ही प्रत्येक घराला त्यांच्या फोटोंची सीडी द्यायचात. लोक घेताना 'वा वा' म्हणायचे आणि गाडीच्या ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये टाकून विसरायचे. आम्ही मुलं तर तुम्हाला 'सीडीवाले काका' म्हणायचो, तुमच्या पाठीमागे. तुम्ही गेल्यावर चाळिसाव्या दिवशी काकूंना मदत करताना माझ्या हाताला एक कोरी सीडी लागली आणि एकदम ट्यूब पेटली. नाव पोटात असेल तर फोटो जाईल तिथे नाव जाईल! म्हणजे ती नावं गेली नव्हती. ती लोकांच्या घरी होती.

मी शेजारच्या राज्यातल्या डब्लिनला ड्राइव्ह करून गेले, सुरवाडे काकांकडे. ते मला बॅकयार्डमध्ये घेऊन गेले. तुमच्या सीडी टोमॅटोच्या वाफ्यावर दोऱ्यानं लटकत होत्या.

"पाखरं येत नाहीत यार, चमकतं ना," ते ओशाळून म्हणाले. "दोन वर्षं ऊन खाल्लंय. चालतील?"

"सुरवाडे काका, यात तुमच्या मुलीचा पहिला वाढदिवस आहे!"

"अगं, मला काय माहीत! मधुकरनं दिली, मला वाटलं भाषणं असतील."

पाचपैकी तीन चालल्या, काका. टोमॅटोही दिले पिशवीभर.

वेस्ट विंडसरच्या प्रमिला मावशींनी मात्र सगळ्या सीडी साखरेच्या जुन्या डब्यात, मधेमधे पेपर नॅपकिन घालून ठेवल्या होत्या. पोस्टानं पाठवल्या, वर फोन. "जपून हं. माझ्या सासूबाईंचे हसतानाचे फोटो फक्त मधुकरनं काढलेत. आमच्या घरात त्या हसायच्याच नाहीत."

असे एकेका घरातून डबे, पाकिटं, कारच्या सीटखालच्या सीडी. नशीब की तुम्ही फाइलची नावं कधी बदलली नाहीत, नंबर तसेच. मी एक प्रोग्राम शोधला, सीडीवरच्या फोटोतली चिठ्ठी काढून त्याच नंबरच्या फोटोत घालणारा. आधी कॉपी करून कॉपीवरच काम केलं, हो! तेवढी शिकले. आणि बरं झालं, कारण कॅमेऱ्याचे नंबर दहा हजारांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. पहिल्या फटक्यात खिरीच्या पातेल्याला 'प्रमिला मावशी, नवीन साडी' असं नाव लागलं. मावशींना सांगितलं तर पाच मिनिटं हसत होत्या. मग म्हणाल्या, "मधुकरला सांगायला हवं होतं गं."

वेळ? सीडीतल्या चिठ्ठीबरोबर तीही परत आली, इंडियाचीच ठेवलीय. या वेळी हात लावला नाही.

शेवटी साठेक फोटो उरले, जे कोणालाच दिलेले नव्हते. त्यातले बरेचसे हॉलचे. जयंती जिथे व्हायची ती शाळा, तिचा कॅफेटेरिया, खुर्च्या लावणारी माणसं. मी प्रिंट काढून घेऊन गेले. हॉल उघडून देणारा हॅरल्ड बाहेर आला. फोटो बघितले.

"एव्हरी इयर," तो म्हणाला. "युअर अंकल आस्क्ड माय नेम एव्हरी इयर. लाइक इट माइट हॅव चेंज्ड."

आणि त्यानं डावीकडून उजवीकडे सगळी नावं सांगितली. मी सांगितलंही नव्हतं, डावीकडून म्हणून! तुम्ही त्यालाही लावली होती सवय.

आता एक भांडण आहे, काका.

प्रत्येक सीडीवर पहिला फोटो तोच होता. पुलाचा. साहेब आणि अकरा जण. सगळ्यांना वाटायचं चुकून आलाय. प्रमिला मावशी म्हणाल्या, "मी दरवेळी पुढे ढकलायचे गं." मी त्याची चिठ्ठी उघडली. तुम्ही लिहिलं होतं: 'बसलेले: नाव छापलेलं आहे. उभे: अकरा. यातले एक माझे आजोबा. कोणाच्या घरी हाच फोटो असेल, कोणी यातल्या कोणालाही ओळखत असेल, तर कृपया कळवावे.'

चार वर्षं! प्रत्येक घराला! आणि तेही तिथे, जिथे तुमच्याशिवाय कोणी बघतच नव्हतं! तोंडानं का नाही विचारलंत? स्टेजवर माइक असायचा, तुम्ही समोर कॅमेरा घेऊन उभे असायचात, दोन पावलांवर. टेबलाखालच्या बाळासाठी चार फोन केलेत आणि आजोबांसाठी एक नाही? संकोच वाटला? की वाटलं, आपलं काय एवढं? सगळ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं एक नाव मागता येऊ नये, याचा मला राग येतो. खूप राग येतो. आणि मग हात जोडावेसे वाटतात.

आता फक्त हा एक फोटो राहिलाय. कार्पेट आणि बूट. कॅमेरा गळ्यात अडकवताना क्लिक झालेला. कोणीही डिलीट केला असता, तुम्ही नाही केलात. मी शेजारीच बसले होते, म्हणून याची चिठ्ठी मला पाठ आहे. मघाशी सगळ्यात आधी तीच परत लिहिली: 'डावा पाय. माझा. चुकून निघाला.' त्याखाली हे सगळं.

येत्या जयंतीला फोटोंचा स्लाइड शो मी करणार आहे. पहिला फोटो पुलाचा. मोठा, भिंतभर. आणि मी माइक हातात घेऊन विचारणार आहे, मोठ्यानं, मराठीत, मग नील इंग्लिशमध्ये. तो स्वतःहून हो म्हणालाय. कोणी ओळखलं नाही तर पुढच्या वर्षी परत विचारीन. दर वर्षी, हॅरल्डला विचारायचात तसं. अकराही जणांसाठी रकाना मोकळा ठेवलाय, डावीकडून उजवीकडे.

बाकी सगळं ठीक आहे, काका. आता खरंच.

तुमची,
श्वेता
(बेसमेंट, तुमची खुर्ची)