बोटीचं नाव न टाकता

१२ नोव्हेंबर, बुधवार

"आजी, ती खिडकी बंद कर आधी. बोंबलाचा वास येतो." उन्नती पुण्याहून आली आणि पहिलं हे बोलली. पाया नंतर पडली. मला इतकं हसू आलं! याच वासात रांगली आहे ती. बोंबील सुकवायच्या वलांडीखाली झोळी बांधून झोपवायची मी तिला, वर बोंबील, खाली ही.

माझ्या मुलाची, भावेशची मुलगी ही. माझी एकुलती नात. आता कंपनीत आहे, कॉम्प्युटरच्या. आपल्या मच्छीमार संस्थेने मोबाईलवरचं ते ॲप घेतलं ना, ते तिच्याच कंपनीचं. बोट खाडीच्या तोंडाशी लागली की आम्हा बायांच्या मोबाईलवर मेसेज येतो — "बोट आली". मग पाट्या उचलायच्या आणि बंदरावर जायचं. आधी उन्हात बसून डोळे फुटायचे.

पण ॲप मधूनमधून चुकतं. चुकलं की कुठेतरी लिहून ठेवावं लागतं म्हणे, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला कळतं. ते लिहायची सोय आहे, पण काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं टाकून. ते फक्त हिलाच जमतं. म्हणून आता ती त्याला पुढून एक पान लावायला आली आहे, कोणालाही मोबाईलवर उघडता येईल असं. मला समजावून सांगितलं, "घर बांधून झालंय आजी, ओटीच नाही. माणसं शिरणार कुठून? ती ओटी बांधायला आले."

मी विचारलं, ओटी झाली की?

"मग बायका पानावर लिहितील, मी पुण्यात बसून दुरुस्त करेन. इथं राहायला नको."

बरं म्हटलं. मासे साफ करायला बसले. सरंगा आणला होता तिच्यासाठी, तो हातातून दोनदा निसटला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पान लागलं नाही. पडद्यावर सारखं येतं — परवानगी नाही. स्वतः बांधलेल्या घरात परवानगी नाही! उन्नती जेवली नाही नीट. भात तसाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लागलं एकदाचं! संस्थेत सगळ्या बायांना बोलावलं. शांताराम तात्या चेअरमन, त्यांना प्रत्येक गोष्टीला नारळ लागतो. फोडला तो टेबलावरच. पाणी उडालं. उन्नतीने कॉम्प्युटर तान्ह्या पोरासारखा उचलून छातीशी धरला. सगळ्या हसल्या, तीपण हसली, पण तोंड किती उतरलंय तिचं. दिवस दिवस त्या खुर्चीत.

मोठ्या पडद्यावर पान दाखवलं. मराठीत आहे सगळं, अक्षर ठळक. पहिल्या चौकोनात बोटीचं नाव. दुसऱ्यात काय बिघाड झाला. तिसऱ्यात लवकर पाहिजे की सवडीने. खाली हिरवं बटण. तक्रारीला नंबर पडतो, ती कोणाकडे दिली ते शेवटच्या चौकोनात टाकायचं, दुरुस्त झाली की ती बंद होते. पोरीने किती छान सांगितलं! माझी नात म्हणून नाही लिहीत.

बाया छान छान म्हणाल्या, चहा प्याल्या, घरी गेल्या. बटण कोणी दाबलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पान कोरं. आणि आमची ओटी भरलेली.

सकाळी सुगंधा आली. मोबाईल पुढे केला, म्हणाली, "उन्नती, जरा बघ ना गं." काय झालंय, तर "बघ ना तूच." कुठली बोट, तर "आमचीच." बस. पुढे तोंड शिवलेलं. पोरगी तिच्याकडून एक एक काढून घेतेय, तोवर दुसरी आली. "जरा बघ ना." मग तिसरी. दुपारपर्यंत अशाच. उन्नती प्रत्येकीला सांगते, मावशी, पानावर लिहा, मला सोपं जाईल. जी ती म्हणते, "लिवू, लिवू." आणि उठून जाते.

मग ती मला म्हणाली, आजी, तू लिहून दाखव एक. आपल्या बोटीचं नाव टाक, खाली बिघाड लिही, खोटा खोटा.

भावेश दर्यात. मी म्हटलं, थांब, तव्यावर भाकरी करपली. तव्यावर काही नव्हतं.

वही, तुला सांगते, तू कोणाला सांगत नाहीस. बोट बाहेर असताना तिचं नाव आणि त्याच्याखाली बिघाड हे कोण लिहील? आमच्या आळीत तरी कोणी नाही लिहिणार. माणूस दर्यात असला की बाई बोटीबद्दल वाकडा शब्द काढत नाही. माझी सासू तर तेव्हा मडकं फुटलं तरी फुटलं म्हणायची नाही, वाढलं म्हणायची. आणि ही पोर म्हणते चौकोनात टाक!

सांगू का तिला? हसेल. शिकलेली आहे.

आणि दुसरं पण आहे. पान कोरं आहे तोवर ती घरात आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तिच्या साहेबाचा फोन, मेहुल नाव त्याचं. मी ओटीवर लसूण सोलत होते, त्याचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. पानावर तक्रार एकही नाही, म्हणजे ॲप चांगलं चाललंय, परत ये. ती सांगतेय, नाही चालत सर, बायका रोज घरी येतात. तो म्हणतो, पानावर तर काही नाही. ती म्हणाली, थोडे दिवस द्या.

फोन ठेवून तिथेच भिंतीला टेकली. भरदुपारी झोप लागली बसल्या बसल्या. डोळ्यांखाली काळं झालंय. मी उशी सरकवली. कसली आजी मी — बघते, आणि गप्प बसते.

मीपण दमले. गप्प राहायलासुद्धा जोर लागतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार



सकाळी सुगंधाच्या मोबाईलवर मेसेज — बोट आली. तिचा मुलगा जितेश त्या बोटीवर तांडेल, बोट त्याच्या हातात. ती पाटी घेऊन बंदरावर गेली. बोट नाही. बसली. आधीपण असं झालं होतं, मेसेज आधी, बोट उशिरा. म्हणून कोणाला बोलली नाही. बोलणार तरी काय? आली म्हणतात पण आली नाय, असं तोंडातून काढायचं?

दुपार झाली. बाकीच्या बोटी लागल्या. कोणीतरी संस्थेत विचारलं, जितेश कुठे? तिथल्या पडद्यावर बघून सांगितलं, ती तर सकाळीच आली. झालं! सगळे निवांत. जो तो समजला जितेश घरी जेवून झोपलाय.

ऊन उतरायला लागलं तेव्हा रामाची बोट आली आणि तिच्यामागे दोराने बांधलेली जितेशची. इंजिन बंद पडलं होतं. सकाळपासून तारापूरच्या बाजूला वाहत होते. मोबाईलला रेंज नाही, हाकेला कोणी नाही, शोधायला कोणी गेलं नाही. का जातील? आलेल्या बोटीला कोण शोधतो?

सगळे सुखरूप. आई, तुझी कृपा. जितेश उतरला तो हसतच, ओठ फुटलेले. म्हणतो, "मी सकाळीच आलो होतो म्हणं. मना कोनी सांगितलंच नाय!" सुगंधाने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग रडली.

शांताराम तात्यांनी सगळ्यांसमोर उन्नतीला सांगितलं, बंद करून टाक हे ॲप. पोरगी पांढरी पडली. सुगंधाला विचारलं, मावशी, असं आधी झालं होतं?

"झालं होतं की."

"मग लिहिलं का नाही?"

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या बायांनी बघितलं. माझ्याच घरातली पोर, मग सांगायचं कोणी?

मी सांगितलं. "पोरी, बोट दर्यात असताना तिच्या नावाखाली बिघाड लिवायला आमचा हात उठत नाय. कोनाचाच नाय. माझापन नाय."

ती हसेल म्हणून भीत होते. हसली नाही. मग हळू म्हणाली, "तुला माहीत होतं आजी."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून खुर्चीत. माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा दिला, घेतला.

तात्यांकडे जाऊन आली. ते कुरकुरले, पण बघतो म्हणाले थोडे दिवस.

दुपारी मला हाक मारली, पडदा दाखवला. पहिला चौकोन काढून टाकलाय! बोटीचं नाव नको, बाईचं नाव टाकायचं. मोबाईल कोणाचा त्यावरून बोट कुठली ते पाठीमागे आपोआप कळतं, कोणी लिहायला नको. दुसऱ्या चौकोनावर बिघाड लिहिलं होतं तेही गेलं. त्याच्या जागी मोठ्या अक्षरात — "जरा बघ ना".

"आता उठेल हात?" एवढंच विचारलं तिने.

मी तिथेच लिहिलं. बाईचं नाव, ठमाबाई. जरा बघ ना, उन्नती जेवत नाय. लवकर. हिरवं बटण.

हसली! मग दोन भाकऱ्या खाल्ल्या, कालवणाशी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

धो धो तक्रारी! सुगंधाची पहिली — "आली म्हणते, येत नाय." त्यावरूनच चूक सापडली. ॲप शेजारच्या बोटीचं यंत्र हिचं समजून धरत होतं म्हणे. ती बंद झाली, म्हणजे तक्रार, बोट नव्हे. भिकाच्या बायकोने लिहिलं, मेसेज येतो पण चष्मा फुटला. एकीने सासूबद्दल लिहिलंय, लवकर वर खूण करून! उन्नती पोट धरून हसली. तात्यापण वाचायला येऊन बसले.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? तर संस्थेत सकाळी एक जण टेबलावर बसेल, त्या सांगतील ते टाकेल. कोण? मी! तिसरी पास ठमाबाई! खुर्ची आहे, पंखा आहे. मला माझा पासवर्ड दिला. तो तुलासुद्धा सांगणार नाही.

म्हणजे ओटी झाली. मीच हात लावला शेवटचा.

१ डिसेंबर, सोमवार

गेली. बोईसर स्टेशनपर्यंत भावेश सोडून आला. पिशवीत बोंबील घालत होते तर नको म्हणाली, पुण्याच्या खोलीत वास सुटतो, बाकीच्या मुली नाक मुरडतात.

घरी येऊन तिच्या खोलीची खिडकी उघडली. आता कोण बंद कर म्हणणार. वारा आत आला, वास आला. पलंगावर बसले जरा.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी टेबलावर बसले, पान उघडलं. एक नवी तक्रार.

बाईचं नाव — उन्नती.
जरा बघ ना — खिडकी उघडली तरी इथे बोंबलाचा वास येत नाही.
लवकर.

बंद केली नाही. कोणाकडे दिली त्या चौकोनात माझं नाव टाकलं, आणि वलांडीवरचे बोंबील काढायला उठले.