पश्चिमेचा काठ

४ मे
आठ दिवस वही उघडतोय नि मिटतोय. पेन संपलं, उकाडा, मॅच, काय वाट्टेल ती कारणं. खरं म्हणजे लिहिलं की ते झालं असं होईल.

कमलमावशींचा पत्रा उडाला. कर्वेनगर, आतली गल्ली, तिसरा मजला. मार्चमध्ये आम्हीच बसवलेला. मी नि बाळूदादा. बा.दा.चं शेडचं काम, मी हाताखाली. त्याआधी खराडीत कँटीनला, त्याआधी... जाऊ दे.

५ मे
काल चहाला उठलो तो नदीपात्रात जाऊन बसलो. आज लिहायचंच.

बा.दा.नं सांगितलेलं, शब्द न् शब्द आठवतो. "मधे एक सोडून एक चालेल. काठाला मात्र प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. वारा पत्र्याला दाबत नाही रे, वर ओढतो. काठ सुटला की सगळं सोलत जातं." मी मान हलवली. तो दुसऱ्या साइटवर गेला. तीन बाजू मी नीट केल्या, शप्पथ. पश्चिमेचा काठ राहिला होता. तेवढ्यात शेजारच्या सोसायटीत सर्पमित्र आला. धामण होती, चांगली सात फूट. खाली पळालो. मग वडापाव. मग कोणीतरी भेटलं. बा.दा.चा फोन, "झालं का?"
म्हटलं, झालं.
उरलेल्या स्क्रूंची पुडी त्यांच्या पाण्याच्या टाकीमागे सरकवलेली. उद्या मारू म्हणून. तो उद्या

६ मे
दगडांचं लिहायचं राहिलं. मुद्दाम राहिलं.

जुन्या पत्र्यावर मावशींचे दगड होते नि एक टायर. नव्यावरही ठेव म्हणाल्या. मी शहाणा! "अहो मावशी, स्क्रू मारलेत. दगड वाईट दिसतात."
"वर बघायला कोण येतंय रे? विमानातले?"
तरी ऐकलं माझं. चौदा दगड मीच खाली नेले, तीन मजले. मावशींनी ताक दिलं. दोन ग्लास प्यायलो.

८ मे
उडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बा.दा.बरोबर गेलो होतो ते. पत्रा गल्लीत पडलेला, तिथं रोज पोरं क्रिकेट खेळतात. त्या संध्याकाळी धुळीच्या वादळानं पळाली म्हणून वाचली. वर निळी ताडपत्री फडफडत होती. मावशींचे मिस्टर, काका, कॉटवर, गुडघ्यांवर हात. मावशी भांडी पुसत बोलत होत्या, "मी सांगत होते, खिडकी लावा. तर म्हणे वारा येऊ दे जरा. आला! छप्पर घेऊन गेला."
बा.दा. म्हणाला, खिडकीतून शिरलेला वारा खालून रेटतो, वरचा ओढतो. खरंच आहे ते. पण काठ धरलेला असता तर एका खिडकीनं एवढं होत नाही. गल्लीतल्या पत्र्याचा तो काठ मी पाहिला. एक भोक नाही. कोरा. बा.दा.नं पाहिला का? माझ्याकडे बघितलं फक्त.
आणि मी काय बोललो? "हो ना काका, खिडकी लावायला हवी होती."
काका म्हणाले, "चुकलंच माझं."

१० मे
मावशींचा फोन. काका आता दिवसभर खिडकी लावून बसतात. या उन्हात, ताडपत्रीखाली. अर्धी भाकरी खातात. "माझंच तोंड वाईट. रागाच्या भरात बोलून गेले, आता कितीही समजावलं तरी ऐकत नाहीत. तू ये ना, तुझं ऐकतील."
येतो म्हटलं.

११ मे
निघालो होतो. डेक्कनला उतरलो. तिथं एकजण काचेचे गोळे वितळवून हत्ती करत होता. दीड तास. मग परत. लाज वाटते लिहायला, हत्ती छान होता.

१२ मे
आज चार वाजता जायचं. जाऊन आधी काकांना सांगायचं, मावशींसमोर. खिडकी नाही काका, मी. एवढंच. मग बा.दा.ला. इथं लिहून ठेवतो म्हणजे पाय फि

खालून घरमालक ओरडतायत. "अहो आकाशराव, तुमच्याकडेही माणसं येतात हे आज कळलं. कर्वेनगरचे काका आलेत. जिना चढतायत, या वयात. खुर्ची आहे ना, की तीही आमचीच?"

काका? गुडघ्यांमुळे वर्षभर घराबाहेर नाहीत ते. कठड्यावरून वाकून पाहिलं. एकेका पायरीवर थांबतायत. हातात कापडी पिशवी. मावशींचा डबा असेल. नाहीतर टाकीमागची पुडी.